नामदेवनं शपथ मोडली नाही

"ही बाई आधी," पटेल माइकवर म्हणाले. "बाईले नाक घासू द्या. मंग बाप्यायले आपोआप लाज वाटंल."

शाळेचं मैदान. सकाळचे अकरा. व्यसनमुक्तीचं शिबिर. स्टेजपुढं चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारलेली. रेघेच्या अलीकडे आम्ही, पिणारे, खाली मातीवर. पलीकडे सतरंजीवर सगळं गाव. आम्ही वीस-बावीस जण होतो आणि त्यात बाई मी एकटीच. गावात पिणारी बाई मी एकटी नव्हते. पकडून आणलेली मी एकटी होते. बाकीच्या त्या दिवशी आतून कडी लावून बसल्या होत्या.

मी उठले. रेघेपर्यंत गेले. गुडघे टेकले, नाक मातीला लावलं.

"घास," कुणीतरी म्हणालं.

घासलं. फक्की नाकात गेली आणि मला शिंक आली. मैदान हसलं. पटेल हसले. आदिलाबादहून आलेल्या पाहुण्या साहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

तेव्हा तुला काय वाटलं, असं पुढं पुष्कळांनी विचारलं. खरं सांगते, काही वाटलं नाही. सकाळचीच दीड बाटली शिंदी पोटात होती. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो ना, तसं. ओढतोय हे कळतं, दुखत नाही. मी उठले, पदरानं नाक पुसलं आणि जागेवर येऊन बसले. पटेलांच्या माणसानं हातात एक नारळ दिला.

शिंदी आमच्या घरात कुठून आली ते सांगते. नाहीतर लोक म्हणतात, यांची जातच पिणारी.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, तामसी मंडलात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. आम्ही बौद्ध. वस्तीतली दोन-तीन घरं शिकून गुरुजी झाली, कारकून झाली. आम्ही मात्र पटेलांच्या वावरातच राहिलो. पटेलकी सरकारनं कधीच काढून घेतली होती, पण गावानं काढली नव्हती. कापूस वेचायला आम्ही पंधरा-वीस जण असायचो. दुपारची भाकर झाली की पटेलांचा गडी सायकलला बांधून शिंदीच्या बाटल्यांचं क्रेट आणायचा. बाईला एक, बाप्याला दोन. प्यायली की कंबर दुखत नाही. ऊन लागत नाही. बोंडाची टोकं नखात घुसतात तीही कळत नाहीत. संध्याकाळपर्यंत माणूस मुकाट वेचत राहतो. आम्ही म्हणायचो, पटेल मोठा दिलदार माणूस.

मग सरकारनं सारा बंद केला. सारा म्हणजे पाकिटातली दारू. आमच्याच बायांनी भांडून ती गावातून घालवली. त्यात मीही होते. दुकानासमोर पाकिटं पेटवली, घोषणा दिल्या, आणि घसा सुकला म्हणून येताना शिंदीखान्यात बसून एकेक बाटली प्यायलो. हसू नका. शिंदीला आमच्याकडे कुणी दारू म्हणतच नव्हतं. झाडाचं दूध म्हणायचे. पण तामसीच्या आसपास शिंदीची झाडं किती? बोटावर मोजण्याइतकी. आणि शिंदीखान्यात रोज क्रेटवर क्रेट उतरायचं. एवढं दूध कोणत्या झाडाचं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तर त्या मैदानावर. माझं नाक घासून झालं आणि बाप्यांची पाळी आली. सगळ्यात पुढं माझा नवरा बसला होता. आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी घेते. नामदेव. उंच माणूस. कमी बोलायचा. बोलला तर तेच करायचा. वस्तीत लोक चिडवायचे, नामदेवला 'येतो' म्हणायला लावा, पाऊस पडो की आग लागो, येणारच.

पटेल पाहुण्यांना म्हणाले, "हे लोक आमच्या देवाची शपथ मानत नाईत. यायचा बुद्ध आना."

आणि इथं आमच्या वस्तीनं चूक केली. पटेलांनी नाही, आम्ही. विहाराची किल्ली वाघमारे गुरुजींकडे असायची. ते धावत गेले, मूर्ती घेऊन आले. पांढऱ्या कपड्यावर, दोन्ही हातांत. गुरुजींचे डोळे भरून आले होते. आमची मूर्ती गावच्या स्टेजवर पहिल्यांदा चढत होती. त्याआधी जयंतीची मिरवणूकसुद्धा आम्हाला शाळेच्या मागून न्यावी लागायची. सतरंजीवरची आमची माणसं उठून उभी राहिली, हात जोडले. मीसुद्धा, मातीनं भरलेल्या तोंडानं. आम्हाला वाटलं, मान मिळाला.

दर रविवारी विहारात आम्ही पंचशील म्हणतो. पाचवं शील दारूचं. ते आलं की अर्ध्या वस्तीचा आवाज बसायचा. आम्ही एकमेकांकडे पाहायचो नाही. पण ते घरातलं होतं. शील माणूस आपलं आपण घेतो, मोडलं तर पुढच्या रविवारी पुन्हा घेतो. त्या दिवशी ते दुसऱ्यानं आमच्याकडून वदवून घेतलं, गावापुढं, माइकवर.

नामदेवनं मूर्तीपुढं हात धरला आणि म्हणाला, "आजपासून शिंदीले हात लावणार नाई. लावला तं मी बुद्धाचा नाई."

टाळ्या पडल्या. मग बाकीच्यांनी तेच म्हटलं, मीही म्हटलं.

पहिल्या दिवशी तो नुसता घामानं भिजत होता. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, चहाचा कप धरता येईना. माझंही तेच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी धाकट्या जावेच्या घरामागं गेले आणि तिच्याकडची बाटली तोंडाला लावली. अर्धी पोटात गेली आणि हात थांबले. मी तोंड धुतलं, बडीशेप खाल्ली, घरी आले. त्याला कळलं. तोंड फिरवून भिंतीकडे निजला.

तिसऱ्या दिवशी तो म्हणायला लागला, भिंतीवर मुंग्या आहेत. लाल मुंग्या. पुसून काढ. मी ओल्या फडक्यानं कोरडी भिंत पुसली. कितीदा पुसली. मग त्याला झटका आला. डोळे फिरले, दातांत जीभ आली, रक्त. शेजारचे धावले. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली. झटका गेला. तासाभरानं दुसरा.

माझी धाकटी जाऊ सुमन कमी शिकलेली आहे, पण शहाणी. तिनं आपल्या बापाला असं होताना पाहिलं होतं. ती बाटली घेऊन आली.

"भाऊजी, दोन घोट घ्या. थांबते हे. माह्या बापाचं थांबत होतं."

त्यानं दात घट्ट आवळले. तिनं बाटली ओठांना लावली, शिंदी गळ्यावरून सांडली. त्यानं मान हलवली.

मी म्हटलं, "आवो, घ्या ना. मीबी घेतली. कोनी पाह्यत नाई."

तो म्हणाला, "बुद्धासमोर बोललो. मी पटेल नाई, बोललेलं फिरवायले."

त्याचं शेवटचं नीट बोलणं ते. मी ते विसरत नाही, पण त्याचा मला अभिमानही वाटत नाही. काय वाटतं ते मला अजून सांगता येत नाही.

माझा दीर प्रल्हाद पटेलांकडे जीप मागायला गेला. जीप अंगणात उभी होती. पटेल म्हणाले, "शपथ घेऊन चार दिवस नाई झाले, अन् लागले नाटकं कराले. पेत्या मानसाले हे होतेच. सोसू दे." प्रल्हाद परत आला. आम्ही बैलगाडीत गादी टाकली, त्याला झोपवलं आणि बसच्या थांब्याकडे निघालो. गाडीत तिसरा झटका आला. थांब्यावर पोचलो तेव्हा दुपारची बस यायला वेळ होता. बस आली. कंडक्टरनं खाली उतरून पाहिलं, हात लावला आणि टोपी काढली.

मयतीला पटेल आले. वस्तीच्या तोंडाशी उभे राहिले, आत आले नाहीत. जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चोरून पेला असन. बुद्धाची शपथ मोडली, मंग काय होईल?"

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. शपथ मोडणारी मी होते आणि मी जिवंत उभी होते.

त्यानंतर मी फक्त प्यायले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. वावरात जायचे, वेचायचे, प्यायचे. माझी मुलगी तेव्हा आदिलाबादच्या हॉस्टेलात आठवीत होती. बापाच्या मयतीहून परत गेली ती सुटीतही आली नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही. कुणी रडायला लावलं तर मी रडल्यासारखं तोंड करायचे. गावात गोष्ट पक्की झाली होती: नामदेव शपथ मोडून मेला. माणसं चावडीवर ती लेकरांना सांगायची. ऐकून ऐकून मलाही कधी कधी वाटायचं, मोडली असेल. मी झोपले असताना घेतली असेल एखादी.

मग एक दिवस वावरात मलाच झटका आला. शिंदीखान्यात दोन दिवस माल आला नव्हता, एवढंच कारण. कापसाच्या ओळीत पडले, जीभ चावली. शुद्धीवर आले तेव्हा वर सुमनचं तोंड होतं आणि मला एकदम कळलं की नामदेवला हेच झालं होतं. भीती वाटली. पुष्कळ दिवसांनी काहीतरी वाटलं, ती भीतीच होती.

मी ठरवलं, औषध शोधायचं. कुठं शोधायचं, ते माहीत नव्हतं.

कुणी म्हणालं, इंद्रवेल्लीकडच्या जंगलात एक बाबा आहे, मुळी देतो. गेले. त्यानं मुळी दिली, वर 'आठ दिवस पिऊ नको' म्हणाला. कुणी म्हणालं, गुडीहत्नूरला हायवेवर एक सेंटर निघालंय, पेताडांना ठेवून घेतात. तिथं लोखंडी दार होतं. आतून एक बाप्या ओरडत होता. दारावरचा माणूस म्हणाला, "लेडीस का नहीं है." मग आदिलाबादला एका खासगी दवाखान्यात गेले. बाकावर बसले तर कंपाउंडर आला, वास घेतला आणि आतल्या माणसाला मोठ्यानं म्हणाला, "कल्लू वाली है. इसको बाहर बिठाओ." कल्लू म्हणजे शिंदी. बाहेर पायरीवर बसले. शेवटचा नंबर माझा. डॉक्टरनं मान वर केली नाही. "पीना छोड़ दो. छूटता कैसे नहीं? मन में होना चाहिए." सलाईन लावली, बाहेर पाठवलं. पटेल माइकवर बोलले होते, हा माइकशिवाय बोलला. तेवढाच फरक.

पायरीवर बसून मी पाय चोळत होते. वाटलं, जाऊ दे. मरायचं तर मरू. ते वाटणंसुद्धा धारदार नव्हतं. बस चुकली तर दुसरी बस, असं.

शेवटी जे सापडलं ते शोधून सापडलं नाही. सुमनचे दिवस भरले होते. तिला बाळंतपणासाठी आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी तिच्या खाटेशी बसले होते. ग्लासात पाणी ओतत होते, निम्मं खाली सांडत होतं. एक म्हातारी सिस्टर जवळ आली. तेलुगू बाई, गळ्यात क्रॉस. माझ्या हाताकडे पाहिलं. ओरडली नाही.

"कल्लू पीती?" ती म्हणाली.

मी मान हलवली.

"छोड़ी क्या कभी? झटके आए?"

"आये."

तिनं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. मला आठवतं, ती बसली. माझ्याशी बोलायला.

"उसमें पावडर डालते. झाड़ का कुछ नहीं उसमें. नींद की दवा है. रोज पी के शरीर को आदत लगती. एकदम छोड़ा तो झटके आते. आदमी मर जाता. मालूम है ना?"

मी म्हटलं, "मेरा आदमी मर गया. एकदम छोड़ा."

तिनं विचारलं, "किसने बोला था एकदम छोड़ने को?"

डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. क्रेट. सायकल. मूर्ती. 'नाटकं'. त्याच्या गळ्यावरून सांडलेली शिंदी. दोन घोट. दोन घोटांनी थांबलं असतं. आणि नंतर हळूहळू औषधानं सुटलं असतं. नामदेव मोडल्यामुळं मेला नाही. न मोडल्यामुळं मेला.

मला रडू आलं नाही. भूक लागली. सुमनच्या ताटातली इडली मी हातानं कुस्करून खाल्ली, आणि खाता खाता अंग गरम झालं. राग होता तो. मला ओळखायला वेळ लागला.

सिस्टरनं मला दुसऱ्या मजल्यावरच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं गोळ्या लिहिल्या. आज एवढ्या, पुढच्या आठवड्यात अर्धी कमी, त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. प्रत्येक मंगळवारी येऊन दाखवायचं. मी हात जोडले आणि विचारलं, "शपथ लूँ क्या?"

"शपथ मत लो," सिस्टर म्हणाली. "मंगलवार को आओ."

मी मंगळवारी गेले. सकाळच्या बसनं जायचं, दुपारच्या बसनं यायचं. रोजी बुडायची. तिसऱ्या आठवड्यात मी चोरून एक बाटली प्यायले. मंगळवारी सिस्टरला सांगताना मान खाली होती. वाटलं, आता बाहेर बसवते. तिनं कार्डावर लिहिलं, एक बाटली. "ठीक है. गोली थोड़ी ज्यादा दिन चलेगी." बस. जगात चुकीची एवढी स्वस्त शिक्षा असते, हे मला माहीत नव्हतं.

चार महिने लागले. सुटली म्हणत नाही. पीत नाही, एवढं म्हणते. औषध उतरलं तसं सगळं दुखायला लागलं. कंबर, बोटं, दात. आणि नामदेव. एका दुपारी ओट्यावर तांदूळ निवडताना मला फक्कीची चव आठवली आणि मी सूप फेकून दिलं. शिबिराच्या दिवशी न लागलेलं आता लागलं, वर्षानं.

आणि वर्ष झालं तसं पटेलांचं शिबिर पुन्हा आलं.

पटेल स्वतः वस्तीच्या तोंडाशी आले. मला बोलावलं.

"तू सुधारली म्हणते लोक. चांगलं झालं. यंदा तुले स्टेजवर खुर्ची देतो. मोठे साहेब येऊन राह्यले. दोन शब्द सांग."

"काय सांगू?"

"जे झालं ते. तू शपथ पाळली, वाचली. नाम्यानं मोडली, मेला. लोकायले धडा भेटतो."

खुर्ची. खोटं कशाला बोलू, माझं मन हललं. पटेलांसमोर मी कधी ओट्यावरही बसले नव्हते. म्हटलं, "येतो."

घरी आले तर सुमन रडत होती. तिचं बाळ मांडीवर. गेल्या वर्षी ती कडी लावून घरात बसली होती. यंदा प्रल्हादनं तिचं नाव स्वतः दिलं होतं. पटेलांनी त्याला सांगितलं होतं, बायको शपथ घेत नसेल तर दोघंही कामाला येऊ नका. बाळंतपणानंतर ती तीन बाटल्यांवर गेली होती. तिलाही झटक्यांची गोष्ट ठाऊक होती, बापाची, भाऊजींची.

"बाई, मी मरून जाईन," ती मला म्हणाली. "लेकरू पेतं अजून."

मी वाघमारे गुरुजींकडे गेले. म्हटलं, यंदा मूर्ती देऊ नका. त्यांना सगळं सांगितलं. पावडर, झटके, सिस्टर. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आपला बुद्ध त्यायच्या स्टेजवर चढते," ते म्हणाले. "हे लहान नाई, बाई. मी सोळा वर्षं वाट पाह्यली."

"अन् त्याच्या पायाशी माहा नवरा मेला."

"तसं नोको बोलू."

"मंग कसं बोलू, तुमीच सांगा गुरुजी."

शिबिराच्या दिवशी मूर्ती स्टेजवर होती.

मी खुर्चीवर बसले. मोठे साहेब मधे, पटेल त्यांच्या बाजूला, मी टोकाला. खाली फक्कीची रेघ. रेघेअलीकडे यंदा तीस-पस्तीस जण आणि त्यात सुमन, पदरात बाळ. तिची मान वर होत नव्हती. पटेलांनी माझ्याबद्दल चार चांगले शब्द सांगितले आणि माइक माझ्याकडे सरकवला. तोंड कोरडं पडलं होतं. एक घोट मिळाला तर बरं, असं त्या क्षणी वाटलं. हेही सांगते, कारण खरं सांगायला बसले आहे.

मी म्हटलं, "नामदेवनं शपथ मोडली नाई."

मी माइक घट्ट धरला.

"मी मोडली. दुसऱ्याच दिवशी. म्हून मी जित्ती हाय. त्यानं पाळली, म्हून तो मेला. शिंदीत पावडर हाय. एकदम सोडली का झटके येतात, मानूस मरते. आज कोनी शपथ घेऊ नोका. आज जेवढी लागते तेवढी प्या. पन मंगळवारी माह्यासंगं बसमध्ये बसा. आदिलाबादले औषध हाय. डाक्टर हाय. मी रस्ता पाह्यला हाय."

पटेलांनी माइक ओढून घेतला. चेहरा लाल. "ही बाई पेऊन आली हाये! व्यसनमुक्तीच्या स्टेजवर प्या म्हणते! तोंड हुंगा तिचं!"

आणि मैदान हसलं. गेल्या वर्षीचंच हसू. पण या वेळी मला सुई दिलेली नव्हती. सगळं लागलं. कानात, गालावर, पोटात. मी उठले, पटेलांच्या पुढं जाऊन उभी राहिले, एक हाताच्या अंतरावर. आयुष्यात इतक्या जवळ मी कधी गेले नव्हते. त्यांच्या शर्टाला अत्तराचा वास होता.

"हुंगा," मी म्हटलं आणि तोंड उघडलं. "तुमीच हुंगा पटेल."

ते मागं सरले. खुर्चीला पाय लागला. आमच्या श्वासाचा विटाळ होतो ना. साहेबांना इकडं पाहावं की तिकडं, कळेना. ते घड्याळ पाहायला लागले.

मी साहेबांकडे वळले. "साहेब, तुमी हुंगा. अन् मंग यायले इचारा, वावरात दुपारच्याले शिंदीचं क्रेट कोन पाठवते."

साहेबांनी हुंगलं नाही. विचारलंही नाही. साहेब लोक कशाला विचारतील.

पण खाली सुमन उठली होती. बाळ कडेवर घेऊन रेघ ओलांडली आणि गावाच्या मधून घराकडे चालू लागली. प्रल्हाद तिला थांबवायला उठला, मग तिच्यामागं गेला. आणखी दोघे उठले. बाकीचे बसून राहिले. त्यांनी शपथ घेतली. मूर्तीपुढं मात्र नाही. वाघमारे गुरुजी स्टेजवर चढले होते, त्यांनी मूर्ती उचलून छातीशी धरली होती आणि कुणाकडेही न पाहता ते पायऱ्या उतरत होते.

सगळं चांगलं झालं, असं नाही. पटेलांनी आमच्या सहा घरांना वावर बंद केलं. वस्तीतल्याच माणसांनी मला दोष दिला. मोठी पुढारीण झाली, आता चूल पेटव म्हणावं भाषणावर. मी गुडीहत्नूरच्या बाजूला हळदीच्या वावरात जायला लागले, लांब पडतं. त्या दिवशी शपथ घेतलेल्यांपैकी एकाला झटके आले. त्याच्या बायकोनं मला बोलावलं. त्याला आम्ही त्याच्या मर्जीविरुद्ध दोन घोट पाजले आणि दवाखान्यात नेलं. तो वाचला. अजून माझ्याशी बोलत नाही. म्हणतो, तुझ्यामुळं माझी शपथ मोडली. बोलू नको म्हणावं. जिवंत राहा आणि बोलू नको.

पहिल्या मंगळवारी बसमध्ये आम्ही चौघं होतो. आता कधी सहा असतात, कधी मी एकटी. रविवारी वंदना झाली की विहारात थोडं थांबतो. पंचशील म्हणतो, पाचवंही, मोठ्यानं. मग कुणी किती प्यायली ते सांगतो. कुणी कुणाला रागवत नाही. गुरुजी कोपऱ्यात बसून ऐकतात.

सुमनची दोनदा सुटली. दोनदा ती परत गेली. परवा तिच्या घरी गेले तर चूल थंड होती. ती दाराआड पडलेली, तोंडाला तोच वास. लेकरू शेजारी खेळत होतं. प्रल्हाद म्हणाला, "वैनी, हे काई सुधारत नाई. सोड आता हिचा नाद."

मी सुमनचं कार्ड पत्र्याच्या पेटीतून काढलं, झटकलं, पिशवीत ठेवलं. तिच्या उशाशी मोजून दोन घोटांची बाटली ठेवली, मंगळवारपर्यंत झटका येऊ नये म्हणून. गाव मला शिंदी पाजणारी बाई म्हणतं. म्हणू दे.

एक माणूस मी गाडीवर घालून नेला आणि बसची वाट पाहत घालवला. सुमनला मी घालवणार नाही. तिसऱ्यांदा नेईन, तेराव्यांदा नेईन, आणि वाटेत पटेल उभे राहिले तर त्यांना बाजूला सारून नेईन.